एकशे साठ वेढे

लॅमिंग्टन रोडवर, जिन्याखालच्या सव्वाशे फुटांत
साखळकर बंधू स्पीकर बांधायचे.
बाबा तांब्याच्या तारेचे वेढे मोजायचे, ओठ न हलवता.
एका कॉइलला एकशे साठ.
मध्येच कुणी हाक मारली
की पुन्हा पहिल्यापासून.
मुकुंदकाका डाख लावायचे,
त्यांच्या सदऱ्याला कायम राळेचा वास.

मला तेव्हा इतकंच कळायचं,
गाणं एका तारेतून येतं
आणि खोक्याच्या आत त्याची वाटणी होते.
कॉइल जाड आवाज वूफरकडे सोडते,
कपॅसिटर बारीक तेवढा वेचून ट्वीटरला देतो.
डग्ग्याची घुमक खाली, चाटेची टिचकी वर.
"सगळं एका पातेल्यात शिजू दे," बाबा म्हणायचे,
"मग ज्याचं त्याला वाढू.
थोडं पळीला चिकटतं. चिकटेना का."

काकांना ते चिकटलेलंच दिसायचं.
कॉइल तापते, वॉट जळतात,
वूफरचा लगाम अॅम्प्लिफायरच्या हातून सैल होतो.
ते म्हणायचे, वाटणी आधीच करा,
सूर अजून मुंगीएवढा आहे तोवर,
मग प्रत्येकाला आपला अॅम्प्लिफायर,
आपली चूल.
"अॅक्टिव्ह!" हा शब्द ते असा उच्चारायचे
जसे आम्ही बाकीचे सगळे झोपलेलो होतो.

एक्क्याण्णव साली दुकानात प्लायवुड उभं राहिलं.
साडेबासष्ट फूट, साडेबासष्ट फूट.
पंखा काकांच्या बाजूला गेला, मोरी आमच्या.
पाटीवर 'बंधू' तसंच राहिलं,
कारण रंगाऱ्याचे पैसे कोणी द्यायचे
यावर एकमत झालं नाही.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी
काकांचा नातू ओजस आमच्या माहीमच्या घरी आला,
लॅपटॉप, मोजायचा माइक, चार चॅनेलचा अॅम्प्लिफायर घेऊन.
"आत्या, हे पॅसिव्ह काढूया.
आवाज ऐक नंतर."
मी चहा टाकला. त्याने आठ स्क्रू काढले.

आत मेणात बसवलेली कॉइल, बाबांची.
डाख काकांचा, वाटोळा, चकचकीत,
त्या दोघांच्या भांडणाच्या आधीचा.
आणि ट्वीटरची लाल तार काळ्या टोकाला.
"चुकलेत," ओजस म्हणाला, आणि ती सरळ केली.

माइकने आलेख काढला.
बावीसशे हर्ट्झवर, नेमका जिथे
वूफर संपतो आणि ट्वीटर सुरू होतो तिथे,
विहिरीसारखा खड्डा.

काकांना मुलुंडला फोन लावला. कानाचं यंत्र शिट्टी मारत होतं.
"उलटीच ठेव रे ती! मुद्दाम केलंय.
सरळ जोडलीस तर एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो,
एकमेकांना खाऊन टाकतात.
एकाला उलटं केलं की दोघं निम्मे निम्मे होतात
आणि बेरीज पूर्ण येते."
यंत्राची शिट्टी थोडा वेळ चालू राहिली.
"गणित अनंताचं होतं.
मी नुसता डाख लावला."

अॅक्टिव्ह बसलं शेवटी. आवाज सुधारला,
खोटं कशाला बोलू. डग्गा कोरडा वाजतो,
जागच्या जागी उमटतो आणि जागच्या जागी विझतो.
प्रोग्राममध्येही ओजसने ट्वीटर उलटाच ठेवलाय.
विजेचं बिल थोडं वाढलंय.
त्या बिलांवर मी कॉइल ठेवते, उडू नयेत म्हणून.

परवा दुपारी नखाने वेढे मोजायला बसले.
वरचा थर तेवढा मोजता येतो,
आतलं सगळं विश्वासावर.
सतरा, अठरा,
एवढ्यात खालून वॉचमनने इंटरकॉम वाजवला,
कुरियर आहे म्हणाला.

एक.